तुझं हेलिकॉप्टर कोणतं?

गेल्या मे महिन्यात रत्नागिरीला मावशीकडे गेले होते. मांडवीच्या किनाऱ्यावर फेरफटका, पोटभर हापूस आणि झोप, एवढाच प्लॅन. पण घरात शिरले तर टेबलावर वही उघडी, आणि वहीत पाच नावं. चीता, ध्रुव, एमआय-१७, प्रचंड, अपाचे.

माझी मावसबहीण हवाई दलात हेलिकॉप्टर पायलट होत होती. हैदराबादजवळच्या हकिमपेटला चेतकवरचं तिचं ट्रेनिंग संपत आलं होतं. पुढे कोणतं हेलिकॉप्टर उडवायला आवडेल, ते आता पसंतीच्या क्रमाने सांगायचं होतं.

"ताई, कॅम्पस प्लेसमेंटसारखंच असतं गं. मागायचं आपण, ठरवायचं त्यांनी. मेरिट, इन्स्ट्रक्टरचं मत आणि कुठे किती जागा आहेत, यावर सगळं."

ग्लॅमरचा फंडा

माझं उत्तर तयार होतं. अपाचे! सप्टेंबर २०१९ मध्ये पठाणकोटला दाखल झालेलं, दिसायलाच सॉलिड. नाहीतर ऑक्टोबर २०२२ मध्ये जोधपूरला आलेलं आपलं देशी प्रचंड. नावातच सगळं आलं ना!

ती हसली. "पहिल्या महिन्यात मलाही तसंच वाटायचं. पण ही लढाऊ हेलिकॉप्टर्स. एकामागे एक दोन सीट, दोघांची क्रू. तिसऱ्या माणसाला जागाच नाही. मला माणसं न्यायची आहेत."

आपण नोकरी निवडताना कंपनीचं नाव बघतो, पॅकेज बघतो. रोज सकाळी तिथे जाऊन नेमकं काय करायचंय, हा प्रश्न मी तरी स्वतःला कधी विचारला नव्हता.

मावशीचा एकच प्रश्न

मावशी आंबे कापता कापता ऐकत होती. तिने एवढंच विचारलं, "यातलं सगळ्यात सेफ कुठलं?"

बहिणीने काहीच लपवलं नाही. चीता जुनं, एकाच इंजिनाचं. मूळ फ्रेंच 'लामा'. त्याच लामाने १९७२ मध्ये १२,४४२ मीटर उंची गाठून विक्रम केला होता. म्हणून तर सियाचिनला चीता लागतं. ध्रुव दोन इंजिनांचं, नव्या पिढीचं. पण जानेवारी २०२५ मध्ये पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळलं, तिघे गेले, आणि ध्रुवची उड्डाणं थांबवावी लागली. एमआय-१७ दणकट, चार टन वजन नेणारं. पण जून २०१३ मध्ये उत्तराखंडच्या पुरात मदतीला गेलेलं एमआय-१७ पडलं आणि वीस जण गेले.

"आई, सेफ असं एकही नाही. चेकलिस्ट सोडायची नाही आणि हवा बिघडली तर नाही म्हणायचं, एवढंच माझ्या हातात."

मावशी काही बोलली नाही. सालं उचलून आत गेली. बराच वेळ बाहेर आलीच नाही.

चिपळूणची गच्ची

मग बहिणीने मला कारण सांगितलं. २२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात घुसलं तेव्हा ती आजीकडे होती. दोघी गच्चीवर, खाली सगळं घर पाण्यात. पावसामुळे हेलिकॉप्टरलाही वाट मिळत नव्हती. नंतर हवाई दलाची एमआय-१७ रत्नागिरीत येऊन थांबली.

"आम्हाला होडीनेच काढलं गं. हेलिकॉप्टर आमच्यासाठी आलंच नाही. पण दुसऱ्या दिवशी लांबून आवाज आला आणि आजी रडायची थांबली."

तिने पेन उचललं. पहिलं एमआय-१७, दुसरं ध्रुव, तिसरं चीता. मग वही मिटली आणि आम्ही आंब्यांकडे वळलो.

आणि निकाल?

जूनमध्ये विंग्ज मिळाले. पुढे एका रात्री फोन आला. "ताई, चीता."

तिसरी पसंती. काय बोलावं मला सुचेना. "वाईट वाटलं का गं?"

"एक रात्र वाटलं. मग एका सीनियरने विचारलं, सियाचिनच्या चौकीवरून आजारी जवानाला खाली कोण आणतं? मोठं हेलिकॉप्टर तिथे उतरत नाही. कारगिलच्या वेळी, १९९९ मध्ये, गुंजन सक्सेना चीताच उडवत होत्या, जखमींना आणत होत्या. मला माणसं न्यायची होती ना? चीताच्या मागच्या सीटवर माणूसच असतो."

लगेच मावशीला फोन लावला. म्हटलं, रडत असेल, समजूत घालावी.

"कळलं मला," मावशी म्हणाली. "एक इंजिनवालं ना ते?"

मी गप्प.

"बरं, पुण्यात चांगली लोकर कुठे मिळते गं? इथे रत्नागिरीत कोण विकणार! पायमोजे विणायला घेते. तिकडे थंडी असणार."