परसातील माती आणि मोरीचे पाणी

रब्बीची मळणी उरकली आणि कणग्या भरल्या, म्हणजे खेड्यात माणसांना आपापल्या छंदाकडे पाहण्यास सवड मिळते. कोणी खोंडाची निगा राखण्यात दंग असतो, कोणी कारवान जातीचे पिल्लू राखणीसाठी तयार करतो, आणि पुष्कळ घरी परसातील चार वाफ्यांची मशागत सुरू होते. यांपैकी शेवटच्या छंदाविषयीच येथे लिहावयाचे आहे. तो सर्वांत सोपा समजला जातो, आणि काळ्या जमिनीच्या गावांत तोच पुष्कळदा थोड्या वर्षांत फसतो. आरंभी वांगी, मिरच्या, घेवडा बरा येतो. पुढे पाणी मुरेनासे होते, वर खपली धरते, कोवळी पाने पिवळी पडतात, आणि 'जागेचा कस गेला' म्हणून वाफे सोडून दिले जातात.

कस गेलेला नसतो. आपणच जमीन बिघडविलेली असते. चुलीची राख आणि मोरीचे पाणी या दोन वस्तू परसात हमखास पडतात. काळ्या जमिनीचा सामू मुळातच बहुधा ७.५ ते ८.५ असतो, म्हणजे ती अल्कधर्मी असते. राखही तशीच. सामू वाढला की जमिनीतील लोह पिकास मिळत नाही, आणि शिरा हिरव्या राहून पान पिवळे पडते. यालाच आपण केवडा म्हणतो. नोकरीच्या आरंभी प्रस्तुत लेखकानेही 'राख हे पालाशाचे उत्तम खत' असा सल्ला एका काळ्या मातीच्या गावात दिला होता. विधान खरे होते. गाव चुकले होते.

मोरीच्या पाण्याची गोष्ट अधिक गंभीर आहे. मोरीलगत केळ व अळू लावण्याची चाल जुनी आहे. पण ती पडली तेव्हा धुण्याला रिठे असत. आजच्या धुण्याच्या पुडीत सोडा असतो, आणि सोड्यात सोडियम. काळ्या मातीचे अतिसूक्ष्म कण कॅल्शियममुळे एकमेकांस धरून राहतात व त्यांचे लहान लहान रवे बनतात. त्या रव्यांमधील पोकळीतून पाणी आणि हवा खेळते. कॅल्शियमची जागा सोडियमने घेतली की कण सुटे होतात, पोकळ्या बुजतात, आणि माती ओली असता चिखल व वाळली असता दगड बनते. चोपण जमीन म्हणतात ती हीच.

हे घरच्या घरी पाहता येते. वाफ्यातील वाळलेले, हरभऱ्याएवढे ढेकूळ घ्यावे आणि काचेच्या पेल्यातील पावसाच्या पाण्यात अलगद सोडावे. पेला हलवू नये. विहिरीचे पाणी घेऊ नये, कारण त्यातील क्षार मातीचा दोष झाकतात. ढेकूळ विरघळून तळाशी बसले व पाणी स्वच्छ राहिले, तर काळजीचे कारण नाही. ढेकळाभोवती दुधासारखे ढग उठले आणि दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच असले, तर सोडियमने घर केले असे समजावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा प्रयोग चारचौघांसमोर अवश्य करून दाखवावा; लांबलचक व्याख्यानापेक्षा तो पेला अधिक पटतो.

दोष आढळल्यास धुण्याचे पाणी शोषखड्ड्यात सोडावे. भाजी, तांदूळ धुतलेले पाणी मात्र वाफ्यास खुशाल द्यावे. जिप्सम किती टाकावे हे माती परीक्षणावरून ठरवावे, आणि ते टाकल्यावर गोड्या पाण्याने जमीन धुतली जाऊन पाणी बाहेर निघेल असा चर ठेवावा. निचरा नसेल तर जिप्सम वाया जाते. काहीजण पाटी-दोन पाटी वाळू टाकतात. तेवढ्याने काही साधत नाही.

खरा आधार कुजलेल्या खताचा. इंदूर येथे सर अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी काडीकचऱ्यापासून खत करण्याची जी रीत बसविली, ती १९३१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तीत पालापाचोळा, शेण आणि गोमूत्राने भिजलेली माती यांचे थर देऊन ढीग ओलसर ठेवतात व तीन वेळा उलथतात. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. पाण्याची व मजुरीची टंचाई असेल तेथे डॉ. आचार्य यांची बंगळूर पद्धत सोयीची. तीत खड्डा भरून चिखलाने लिंपतात आणि उलथीत नाहीत, मात्र सहा ते आठ महिने धीर धरावा लागतो. कोणतीही रीत घ्या, प्लॅस्टिक आधी वेचून काढा.

अर्धकच्चे शेण वाफ्यात घालण्याची घाई फार नडते. काडी कुजविणारे जंतू जमिनीतील नत्र स्वतःच ओढून घेतात व रोपे उपाशी राहतात. शिवाय वाळवी आणि हुमणी यांना आयतेच आमंत्रण मिळते. मुठीत घेतले असता ज्याला शेणाचा वास न येता पहिल्या पावसातल्या मातीचा वास येतो, ते खत तयार झाले. दहा फूट लांब व तीन फूट रुंद वाफ्यास असे एक भरलेली पाटी खत प्रत्येक लागवडीपूर्वी वरच्या चार-सहा इंचांत मिसळावे.

कोकणातील वाचकांनी वरील मजकुरातून राखेविषयीचा भाग वगळावा. तेथील जांभ्याची माती आम्ल असते, आणि पावसाने तिच्यातील क्षार धुऊन जातात. अशा वाफ्यात चाळलेली कोरडी राख हात आखडता न घेता, पण रोपाच्या बुंध्यापासून थोडी दूर, पसरावी.