वर्धा ते मेक्सिको, व्हाया युद्ध

पार्ले स्टेशनच्या ईस्टला, भर पावसात, भाजलेलं कणीस खाता खाता मैत्रिणीने सांगून टाकलं, "व्हिसा झाला. ऑगस्टमध्ये निघतेय."

आता पार्ल्यात ही काही ब्रेकिंग न्यूज नाही. आमच्या सोसायटीत प्रत्येक मजल्यावरचं एखादं तरी कार्टं 'तिकडे' आहे. बातमी फुटली की शेजारच्या काकू पहिला प्रश्न विचारतात, "कुठली युनिव्हर्सिटी?" आणि मग आवाज जरा खाली आणून दुसरा, "परत येणार ना गं?" पहिल्याचं उत्तर मैत्रिणीला तोंडपाठ आहे. दुसरा प्रश्न मी विचारला, तर ती कणसाला लिंबू चोळत बसली.

मला एकदम डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे आठवले. एक तर त्या प्रश्नामुळे, आणि दुसरं म्हणजे त्या कणसामुळे.

कोण खानखोजे?

'एक होता कार्व्हर' आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत असताना वाचलंय. त्याच वीणा गवाणकरांनी खानखोजेंचंही चरित्र लिहिलंय. तरी कार्व्हर माहीत असलेल्या दहा जणांना विचारा, खानखोजे एखाद्यालाच सांगता येतील. मलाही परवापरवापर्यंत फक्त नाव माहीत होतं.

जन्म वर्ध्याचा, १८८० च्या दशकातला. शिक्षण नागपुरात. टिळकांच्या विचारांनी भारावलेल्या पिढीतला हा मुलगा. इंग्रजांना घालवायचं तर लढता आलं पाहिजे, आणि लढाई शिकायची तर देशाबाहेर पडलं पाहिजे, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. तसा सल्ला खुद्द टिळकांनीच दिला, असं सांगितलं जातं. आपल्या टिळक मंदिराच्या पायऱ्यांवर बसून आपण जीआरईच्या गप्पा मारतो ना, त्या टिळकांचा 'ॲब्रॉड'बद्दलचा सल्ला हा असा होता!

१९०६ च्या सुमारास तो निघाला. आधी जपान, मग अमेरिका. हाताशी स्कॉलरशिप नव्हती की एज्युकेशन लोन नव्हतं. पोट भरायला मिळेल ते काम. शेतावर मजुरी, लाकडाच्या गिरणीत ओझी उचलणं. एकीकडे कॅलिफोर्नियातल्या टमालपायस मिलिटरी अकॅडमीत कवायत आणि शस्त्रं, दुसरीकडे बर्कली, ओरेगॉन आणि वॉशिंग्टन स्टेटमध्ये शेतीचं शिक्षण. आजच्या भाषेत म्हणायचं तर मेजर सैनिकी आणि मायनर शेती. निदान तेव्हा त्याला तसंच वाटत असणार.

गिरणीतले सोबती

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा पंजाबातून आलेले शेकडो लोक राबत होते. बरेचसे मूळचे शेतकरी, आणि त्यातले कितीतरी ब्रिटिश फौजेत नोकरी करून आलेले. ज्या साम्राज्यासाठी बंदूक धरली, त्याच साम्राज्याची प्रजा म्हणून परदेशात कुणी किंमत देत नाही, हा अनुभव त्यांना रोजचा होता. सोहनसिंग भकनांसारखी माणसं त्यांच्यातूनच पुढे आली. १९१३ मध्ये या मंडळींनी सॅन फ्रान्सिस्कोला तळ ठोकला आणि १ नोव्हेंबरला 'गदर' या त्यांच्या वर्तमानपत्राचा पहिला अंक निघाला. गदर म्हणजे बंड. लिहिण्या-बोलण्याची बाजू लाला हरदयाळ सांभाळत होते. प्रत्यक्ष लढ्याच्या तयारीची जबाबदारी ज्यांच्यावर होती, त्यांत खानखोजे होते.

पहिलं महायुद्ध पेटलं आणि गदरवाले जहाजं धरून मायदेशी निघाले. हिंदी पलटणींत उठाव घडवायचा बेत होता. फेब्रुवारी १९१५ मध्ये तो फुटला. अमेरिकेत शिकायला गेलेला तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णू गणेश पिंगळे मेरठच्या लष्करी छावणीत बॉम्बसह पकडला गेला. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरला कर्तारसिंग सराभासोबत त्याला फाशी झाली. सराभा एकोणीस वर्षांचा होता. एसवाय, टीवायचं वय.

खानखोजे वेगळ्या वाटेने निघाले होते. तुर्कस्तानमार्गे इराणात शिरून, तिथल्या टोळ्यांना सोबत घेऊन बलुचिस्तानच्या बाजूने भारतात घुसायचं, असा मनसुबा. नाव बदललं, वेष बदलला. दक्षिण इराणात ते ब्रिटिशांविरुद्ध लढले, जखमी झाले, पकडले गेले, निसटले. भारताची सरहद्द काही ओलांडता आली नाही. युद्ध संपलं तेव्हा त्यांच्याकडे फौज नव्हती, देश नव्हता आणि परतीचा रस्ताही नव्हता. परत जावं तर पिंगळेचं काय झालं ते डोळ्यांसमोर. पुढे बर्लिन, मग १९२१ मध्ये मॉस्को. तिथेही काही जमलं नाही.

इथे थांबून हिशेब केला तर उत्तर एकच येतं, माणूस हरला. चाळिशीकडे झुकलेला आणि सीव्हीवर दाखवायला एक फसलेलं बंड.

मायनर विषय कामाला आला

१९२४ मध्ये खानखोजे मेक्सिकोत पोचले. तिथे नुकतीच क्रांती होऊन गेली होती. बड्या जमीनदारांच्या जमिनी कसणाऱ्यांना वाटायचं काम सुरू होतं. पण नुसती जमीन हातात येऊन भागत नाही. बियाणं कुठलं, पाणी किती, कीड पडली तर काय, हे सांगणारं कुणीतरी लागतं. कॅलिफोर्नियाच्या दिवसांत ओळख झालेली मेक्सिकन मंडळी आता सरकारात होती. त्यांच्या मदतीने चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी शाळेत खानखोजेंना शिकवायचं काम मिळालं.

आणि मग हा माणूस मक्यात रमला. मका मूळचा मेक्सिकोचाच. पार्ले स्टेशनबाहेरच्या कोळशावरचं आपलं कणीसही मूळचं तिकडचंच. मक्याचा तिथला रानटी भाऊबंद तेओसिंते. त्याचा नि मक्याचा संकर करून जास्त उत्पन्न देणारी जात काढायचे प्रयोग त्यांनी केले. थंडीत आणि कमी पाण्यात तग धरणाऱ्या गव्हावरही काम केलं. गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त शेतीशाळा निघाल्या, त्या चालवण्यात ते पुढे होते. ज्यांना चापिंगोपर्यंत येणं शक्य नाही, त्यांच्या गावात शाळा न्यायची, असा तो मामला.

या शाळांना जी माणसं येऊन मिळाली ती नावं वाचून आर्टवाल्या मंडळींचे डोळे विस्फारतील. चित्रकार दिएगो रिव्हेरा आणि फोटोग्राफर टीना मोदोत्ती! मोदोत्तीने खानखोजेंच्या मक्याचे फोटो काढले. मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिव्हेराचं 'आमची भाकरी' नावाचं भित्तिचित्र आहे. टेबलाभोवती वेगवेगळ्या वर्णाची साधी माणसं आणि मध्ये पाव मोडून वाटणारा एक जण. त्या माणसात खानखोजेंचा चेहरा ओळखला जातो.

मला यात एक गोष्ट फार भारी वाटते. ज्या कामासाठी घर सोडलं, ते काम फसलं. पण त्या कामाचा खर्च भागवताना, शेतात राबताना, सोबत म्हणून जे शिकले, त्यावर पुढचं अख्खं आयुष्य उभं राहिलं. सैनिक असण्याचे दिवस वाया गेले असंही मला म्हणवत नाही. ज्यांच्याकडे काही नाही, त्यांच्या बाजूने उभं राहायचं, हे गिरणीतल्या त्या सोबत्यांमध्येच मुरलेलं असणार. चापिंगोत फक्त हातातलं हत्यार बदललं.

परत येणार ना?

आता काकूंचा दुसरा प्रश्न.

खानखोजेंनी मेक्सिकोचं नागरिकत्व घेतलं. बेल्जियन असलेल्या जान यांच्याशी लग्न केलं, दोन मुली झाल्या. त्यांच्यातल्या सावित्री सॉहनी यांनी पुढे वडिलांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. भारतात परतायची इच्छा मात्र सुटली नव्हती. १९४७ उजाडलं. ज्या दिवसासाठी घर सोडलं तो दिवस आला. पण ब्रिटिशांनी केलेल्या काळ्या यादीत त्यांचं नाव अजून तसंच होतं! देश स्वतंत्र झाला, यादी तशीच राहिली. अखेर १९४९ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारच्या निमंत्रणावरून शेतीविषयक सल्ल्यासाठी ते आले. स्वतःच्या देशात, परदेशी नागरिक म्हणून, चाळीसहून जास्त वर्षांनी.

असं होणारे ते एकटे नव्हते. गदरच्याच काळात ओरेगॉनच्या गिरणीत काम केलेले भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. तरी १९२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, तुम्ही गोरे नाही, तुम्हाला नागरिकत्व नाही. एकाने अमेरिकेचा गणवेश घातला, तर ती त्याला आपलं म्हणेना. दुसऱ्याने भारतासाठी गोळ्या झेलल्या, तर त्याला इथे यायला व्हिसा लागला.

काही वर्षांनी खानखोजे कायमचे नागपूरला आले. जानेवारी १९६७ मध्ये तिथेच गेले. मोठी पदं मिळाली नाहीत, मोठं नावही झालं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये लोकसभा अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते त्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं, तेही चापिंगोत.

एक तारीख मात्र डोक्यातून जात नाही. १९६६ मध्ये, म्हणजे खानखोजे नागपुरात अखेरचे दिवस काढत होते तेव्हा, दुष्काळाने गांजलेल्या भारताने मेक्सिकोतून १८,००० टन गव्हाचं बियाणं मागवलं. हरितक्रांतीची सुरुवात म्हणून शिकलोय आपण ते. हे बियाणं नॉर्मन बोरलॉग यांच्या कामातून आलेलं, त्याचं श्रेय खानखोजेंना देणं बरोबर नाही. पण ज्या देशाच्या मातीत या माणसाने गव्हासाठी घाम गाळला, त्याच देशाचा गहू आपल्या बंदरांत उतरत होता. ती बातमी त्यांनी वाचली असेल तेव्हा त्यांना काय वाटलं असेल?

हे सगळं मी मैत्रिणीला सांगितलं. कणसं संपली होती, पाऊस नव्हता थांबला. डोक्यावरून विमान गेलं, तेव्हा पार्लेकरांच्या सवयीने दोघी गप्प बसलो. आवाज विरल्यावर ती म्हणाली, "म्हणजे तो परत आला."

"आला. पण बराच उशिरा."

"उशिरा आला की आपण उशिरा बोलावलं?"

ती सहा बत्तीसची लोकल पकडून गेली. काकूंनी पुन्हा विचारलं, तर मी त्यांनाच विचारणार आहे, ती आली तर तिच्यासाठी इथे काय काम ठेवलंय आपण?