बेडूक ट्रेमधून सुटला

धरणगावात किंवा जळगावात बी.एस्सी. केलेल्या जुन्या पिढीला विचारा, बेडूक आठवतो तो क्लोरोफॉर्मच्या बरणीतला. मग मेणाचा ट्रे, चारही पायांना टाचण्या आणि पोटावर कात्रीची पहिली चीर. चीर वाकडी गेली की रक्तवाहिनी तुटायची, नि प्रॅक्टिकलचे मार्क गेलेच म्हणून समजा!

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११मध्ये ही चिरफाड टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितलं, २०१४मध्ये पदवी आणि पदव्युत्तर दोन्ही वर्गांत ती थांबवली. त्याच वर्षी सौंदर्यप्रसाधनांच्या प्राणी-चाचण्यांवर बंदी आली. पाठोपाठ तशी तपासलेली प्रसाधनं आयात करण्यावरही.

औषधांचं प्रकरण अवघड. मार्च २०२३मध्ये केंद्राने नवी औषधे आणि क्लिनिकल चाचण्यांचे नियम सुधारले. माणसाच्या पेशींवरच्या चाचण्या, संगणकीय प्रारूपं आणि ‘ऑर्गन ऑन चिप’ यांना त्यात जागा मिळाली. या चिपवरच्या बारीक नळ्यांमध्ये जिवंत पेशी वाढवतात आणि त्यांवरून औषध वाहू देतात. मात्र ही मुभा आहे, सक्ती नव्हे. उंदीर-सशांची सुटका एवढ्यात नाही.