गळिताआधी ट्रॉली तपासा

दिवाळीच्या सुमारास आपल्या बेळगाव भागात ऊसतोड सुरू होते. ट्रॅक्टरचे तेल-पाणी आपण नेमाने पाहतो, पण पावसाळाभर उभी असलेली ट्रॉली तशीच जोडतो. टनांचे ओझे मात्र तीच वाहते. म्हणून पहिल्या खेपेआधी अर्धा दिवस तिच्यासाठी काढावा, असे आम्ही सुचवतो.

हुक व पिन झिजली असल्यास बदलावी. पिनेच्या जागी सळईचा तुकडा घालू नये. चढावर तो तुटला तर भरलेली ट्रॉली मागे धावते. जोडीला मजबूत साखळी लावावी. चाक जॅकवर उचलून हलवून पाहावे. खेळत असेल तर बेअरिंग तपासून ग्रीस भरावे. पहिल्या खेपेनंतर चाकांचे नट पुन्हा आवळावेत.

रस्त्यावर ट्रॅक्टरची दोन्ही ब्रेक-पेडले कडीने जोडलेली असावीत, नाहीतर ट्रॅक्टर एका बाजूला ओढला जातो. उतार लागण्याआधीच खालचा गिअर घ्यावा.

सर्वांत मोठा धोका अंधाराचा. बंद पडलेली ट्रॉली मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला दिसत नाही. मागे लाल रिफ्लेक्टर लावावेत, ते पुसावेत आणि लोंबत्या उसाने झाकू देऊ नयेत. चाकाला लावलेले दगड निघताना रस्त्यावर सोडू नयेत.

हंगाम संपल्यावर माती व उसाचा रस धुऊन, गंज खरवडून रेड ऑक्साइड लावावा. अशी ट्रॉली पुष्कळ वर्षे टिकते. आणि तिच्या मागून रात्री येणारा बहुधा आपल्याच गावचा असतो, हे आपण विसरू नये.