ॲब्लेशननंतरची पाच वर्षं

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाची वरची दालनं, म्हणजे अलिंदं, नीट आकुंचन न पावता नुसती थरथरतात आणि नाडी वेडीवाकडी धावते. ही थरथर सुरू कुठून होते, याचा माग १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो शहरात मिशेल ऐसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढला. फुप्फुसांतून डाव्या अलिंदात रक्त आणणाऱ्या शिरांच्या आत बहुतेक ठिणग्या पडत होत्या.

उपचार त्यावरूनच ठरला: ॲब्लेशन. जांघेतल्या शिरेतून कॅथेटर वर सरकवायचा आणि या शिरांच्या तोंडांभोवती ऊतक भाजून किंवा गोठवून वणाचं कडं घालायचं. वणातून विजेचा संदेश पुढे जात नाही. शेताला घातलेल्या बांधासारखं हे काम आहे, आणि धोकाही तोच: एक भगदाड राहिलं की पाणी पुन्हा आत. अर्धवट भाजलेला भाग काही आठवड्यांनी सावरतो आणि संदेश पुन्हा वाहू लागतो.

पहिल्या दोन-तीन महिन्यांतली धडधड मात्र डॉक्टर सहसा अपयशात धरत नाहीत, कारण तेव्हा सूज असते. खरा हिशेब त्यानंतरचा. बोर्दोच्याच १०० रुग्णांचा पाच वर्षांचा पाठपुरावा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच ॲब्लेशनवर पाच वर्षं ताल टिकलेले २९ टक्के; गरजेप्रमाणे पुन्हा ॲब्लेशन केलेले धरले, तर ६३ टक्के. साधनं आता सुधारली आहेत, निकालही त्यापेक्षा बरे येतात. तरी ‘यश किती टक्के?’ असं विचारताना ‘किती वर्षांनी, कितव्या खेपेला?’ हेही विचारायलाच हवं.

उशिरा उलटणाऱ्या दुखण्यात दोष नेहमी कड्याचा नसतो. रक्तदाब, लठ्ठपणा, झोपेत श्वास अडकणं, दारू यांमुळे अलिंद ताणत जातं आणि नव्या जागी ठिणगी पडते. ॲडलेडच्या डॉक्टरांनी ॲब्लेशनच्या जोडीला या गोष्टी नेटाने आटोक्यात आणल्या, तेव्हा ताल कितीतरी जास्त रुग्णांत टिकला. माझ्या मते दुसऱ्या ॲब्लेशनची तारीख ठरण्याआधी वजनकाटा आणि झोपेची तपासणी यायला हवी.

आयुष्य वाढतं का? २०१९ च्या ‘कॅबाना’ चाचणीत २,२०४ रुग्ण होते. मृत्यू, गंभीर पक्षाघात, मोठा रक्तस्राव आणि हृदय बंद पडणं यांच्या एकत्रित प्रमाणात ॲब्लेशन आणि औषधोपचार यांत ठोस फरक दिसला नाही. रोजचं जगणं मात्र सुखकर झालं. हृदय आधीच दुबळं झालेल्यांत, ‘कॅसल-एएफ’ चाचणीत, मृत्यूही घटले.

पक्षाघात टाळण्यासाठी दिलेली रक्त पातळ करणारी गोळी ताल सुधारला म्हणून आपोआप थांबत नाही. ॲब्लेशननंतर निदान दोन महिने ती घ्यावीच लागते. पुढचा निर्णय वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा पक्षाघात यांवर ठरतो. अलिंदाची थरथर रुग्णाला न जाणवताही परत येऊ शकते, म्हणून ‘मला आता काही होत नाही’ एवढ्यावर डॉक्टर ती गोळी बंद करत नाहीत.