मातीची जुनी धरणे : गळतीचे समज आणि गैरसमज
महाराष्ट्रात 1972 च्या दुष्काळात पाझर तलाव आणि मातीची लहान धरणे मोठ्या संख्येने बांधली गेली, आणि इतक्या वर्षांत माती दबून भराव पक्का झाला असल्याने आता त्याकडे पाहण्याची गरज नाही, अशी समजूत गावोगाव आढळते. भराव दबतो हे खरे. परंतु त्यामुळे माथा खचतो आणि सर्वोच्च पूरपातळी व माथा यांमधील राखीव उंची, म्हणजे मुक्तांतर, तेवढी घटते. त्यातच जादा पाणी वाहून नेणाऱ्या सांडव्यावर साठा वाढविण्यासाठी वाळूची पोती रचली, तर पुराचे पाणी माथ्यावरून जाते, आणि मातीचा भराव असा लोंढा सहसा सोसत नाही. भरावावरील बाभळी माती धरून ठेवतात, हा समजही फसवा आहे : माती धरते ते गवत, झाड वाळल्यावर त्याची कुजलेली मुळे पाण्याला आयत्या वाटा करून देतात.

सर्वाधिक गोंधळ मात्र गळतीविषयी आहे. मातीचे धरण थोडेफार पाझरतेच, आणि पायथ्याच्या निचरा-चरातून एकसारखे येणारे नितळ पाणी चिंतेचे कारण नसते. मात्र तेच पाणी गढूळ झाले, किंवा साठ्याची पातळी स्थिर असताना वाढू लागले, तर ते भरावातील मातीचे कण वाहून नेत आहे असे समजावे. ही धूप बाहेरच्या तोंडापासून जलाशयाकडे सरकत नळीसारखी पोकळी कोरते, म्हणून अभियंते तिला ‘पायपिंग’ म्हणतात. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटल्यावर तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखविले. खेकडे आणि घुशी भराव पोखरतात, यात खोटे काही नाही. पण बिळे शोधून बुजविणे हे देखभालीचेच काम असल्याने हा युक्तिवाद देखभाल करणाऱ्यांवरच उलटतो, शिवाय ग्रामस्थांनी गळतीची तक्रार आधीच केलेली होती.

गढूळ गळती दिसताच तिच्या तोंडावर काळी माती ठोकण्याची घाई होते आणि कोंडलेले पाणी शेजारून नवी वाट काढते. त्याऐवजी तोंडावर प्रथम जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी आणि त्यावर मोठी खडी असा गाळणी थर दिल्यास पाणी वाहत राहते व माती अडते. हा उपाय तात्पुरता असल्याने त्याच वेळी विमोचकाचे, म्हणजे साठ्यातील पाणी बाहेर सोडण्याच्या मार्गाचे, दार उघडून साठा उतरविणे, अभियंत्यास कळविणे आणि खालच्या वस्तीला सावध करणे भाग असते.