५ जून की १ जुलै?
जागतिक पर्यावरण दिन १९७३पासून ५ जूनला साजरा होतो. पण त्या दिवशी यवतमाळात काळी जमीन अजून भेगाळलेली असते. विदर्भात मोसमी पाऊस पोचतो तो साधारण जूनच्या मध्यावर. फोटोपुरतं लावलेलं रोप आठवड्यात मान टाकतं. इथला खरा मुहूर्त १ जुलैचा. कन्हैयालाल मुन्शींनी १९५०मध्ये सुरू केलेल्या वनमहोत्सवाचा आरंभ त्याच दिवशी, आणि पुसद तालुक्यातल्या गहुलीत १९१३ साली जन्मलेल्या वसंतराव नाईकांची जयंती, म्हणजे कृषिदिनही त्याच दिवशी. तोवर माती ओलावलेली असते. पिशवी फाडून रोप लावावं, भोवती बोराटीचं कुंपण करावं आणि येत्या वैशाखात पाणी घालायला कोण येणार, हे तिथेच ठरवावं.